मालूताईच्या हातातली बॅग

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मालूताई गेल्याची बातमी सकाळी साडेनऊला आली. दहा वाजेपर्यंत त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. त्या रांगेतच बी विंगमधल्या एका गृहस्थांनी लिहिलं, 'आमची सेव्हन केजी ताई गेली.' त्यावर कुणीतरी हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा टाकला. आणि अकराच्या सुमाराला, म्हणजे तिकडे मुलुंडला तिला अजून घरातून हलवलंही नसेल तेव्हा, तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी विचारलं, 'मालूताईंची ती हातातल्या बॅगेची लिस्ट कुणाकडे आहे का? आम्ही सोमवारी निघतोय.'

मी फोन सोफ्यावर आपटला. अरे, काही लाज? बाई गेली आणि तुम्हाला तिची यादी हवी! कळस म्हणजे दहा मिनिटांत कुणीतरी ती यादी टाकलीही आणि त्या बाईंनी अंगठा वर केला. हे लिहायला बसलेय ती त्याच रागात. राग निवला की मीसुद्धा दोन हात जोडून मोकळी होईन, हे मला माझ्याबद्दल चांगलं ठाऊक आहे.

मालती सावंत. बोरीवली पूर्वेला नॅशनल पार्कच्या कडेला आमची सोसायटी आहे, तिथे आमच्या समोरच्या दारात ती भावाकडे राहायची. वडील गिरणीत होते, गाव कुडाळजवळ. ताईने लग्न केलं नाही. चौतीस वर्षं टपाल खात्यात पार्सलच्या खिडकीवर काम केलं. उंचीने बुटकी, सुती साडी घोट्याच्या वर खोचलेली, मनगटावर वडिलांचं पुरुषी घड्याळ. पार्सलं उचलून उचलून तिचा हातच वजनकाटा झाला होता. भाजीवाल्याने भेंडी पारड्यात टाकायच्या आधी ही हातात धरून सांगायची, "अर्धा किलो नाय रे ही, दोन भेंड्या अजून टाक." तो टाकायचा. वाद घालून बघितलेला असायचा त्याने आधी.

पहिली बॅग तिने कुणाची भरली ते मला आठवत नाही. पण आमच्या सोसायटीत बघता बघता प्रत्येक घरातलं एक पोरगं परदेशात गेलं आणि दर एप्रिलमध्ये म्हातारी जोडपी सहा सहा महिन्यांसाठी विमानात चढायला लागली. ही माणसं आयुष्यभर ट्रंका आणि होल्डॉल घेऊन गावी गेलेली. त्यांना मोठ्या बॅगेचं काही वाटायचं नाही. घाम फुटायचा तो हातातल्या सात किलोंच्या बॅगेने. मग निरोप यायचा, मालूताईला जरा बोलवा.

ती आली की आधी बॅग बाजूला सारायची. जमिनीवर चादर घालायची आणि म्हणायची, "मोठी बॅग पोचली नाय, तर दोन दिवस तुझा जीव कशावर चालेल? तेवढंच ह्याच्यावर आणून ठेव." लोक झटकन पासपोर्ट आणून ठेवायचे. "पासपोर्टाने पोट साफ होतं काय? चूर्ण आण." मग एकेक वस्तू यायची. गोळ्या डबीत सुट्या नाहीत, पाकिटासकट आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. दुसरा चष्मा. एक जोड कपडे, आतले दोन जोड. स्वेटर बॅगेत नाही, अंगावर. पाण्याची बाटली रिकामी, आत गेल्यावर भरायची. एक पेन, कारण फॉर्म भरताना सगळं विमान एकमेकांकडे पेन मागतं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. आणि मुलाचा पत्ता कागदावर, मोठ्या अक्षरात, कारण फोन नेमका नको तेव्हा मान टाकतो. आणि वजन सातला सात कधीच नाही. सहा. सातला सात भरणारा माणूस काट्यासमोर घामाघूम होतो, म्हणायची.

सगळ्यात शेवटी फ्रीजची परीक्षा. भरलेली बॅग ज्याची त्याने, कुणाचा हात न लावता, उचलून फ्रीजवर ठेवायची. विमानातला कप्पा साधारण तेवढाच उंच असतो. आमच्या वरच्या मजल्यावरचे कर्णिककाका बँकेतून मोठे साहेब म्हणून निवृत्त झालेले. त्यांची बॅग खांद्यापर्यंत आली आणि खाली. परत खांद्यापर्यंत, परत खाली.

"हवाईसुंदरी असते ना मदतीला," काका धापा टाकत म्हणाले.

"ती काय तुमची सून नाय, काका. आणि सून तरी उचलते काय?"

काकांच्या सुनेबद्दल असं बोलायचं धाडस सोसायटीत कुणाचं नव्हतं. काका लाल झाले, पण बॅग उघडली. तिच्यातून पितळेची समई, लोखंडी तवा आणि मुलाला वाचायला म्हणून जपून ठेवलेल्या रविवारच्या पुरवण्यांचा गठ्ठा निघाला. तिसऱ्या खेपेला बॅग फ्रीजवर गेली आणि काकू टाळ्या वाजवायला लागल्या.

आता हे सगळं वाचून वाटेल की सोसायटी तिला डोक्यावर घेऊन नाचत असेल. छे! तोंडावर 'मालूताई, मालूताई' आणि जिन्यात 'स्वतः कधी विमानात बसली नाही आणि आम्हाला अक्कल शिकवते.' बसली नव्हती, खरंच. पंचवीस-तीस घरांच्या बॅगा भरल्या आणि विमानतळाचं दार तिने पाहिलं नव्हतं. पण बोलणाऱ्यांना बॅग भरताना हे आठवत नसे. बॅग भरून झाली, चहा पिऊन ती गेली, की आठवायचं.

आणि तिचं तोंड होतंच तसं, फटकळ. पेडणेकरकाकू एकट्या ह्यूस्टनला निघाल्या तेव्हाची गोष्ट. मुलाने तिकडून यादी धाडली होती. भाजणी, मेतकूट, कुळीथपीठ, मोदकाचा साचा, सुनेला परकर, शेजाऱ्यांना गणपती. मोठ्या बॅगा भरल्या आणि उरलेलं त्याने सांगितलं हातातल्या बॅगेत टाक. काकूंना मधुमेह, रक्तदाब, गुडघे. मालूताईने चादरीवरची भाजणी बघितली, काकूंकडे बघितलं, आणि काकूंच्याच फोनवरून मुलाला व्हिडिओ कॉल लावला. तो बिचारा अर्धवट झोपेत.

"काय रे, तुझ्या आवशीच्या गोळ्यो खय ठेवू? तुझ्या भाजणीत?"

"मावशी, अगं ॲडजस्ट होईल ना थोडं..."

"तिने तुका नऊ महिने ॲडजस्ट केल्यान. आता तू सात किलो कर. हातातली बॅग तिची आहे. तिच्यात तुझं, बायकोचं, शेजाऱ्यांचं कायपण जाणार नाय. भाजणी होयी तर तिकडे जात्यावर बस."

पेडणेकरकाकू भीतीने पांढऱ्या पडल्या होत्या. पण फोन ठेवल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "मग माझं ते लोकरीचं विणकाम घेऊ का गं?" तोवर त्यांनी ते कपाटातून काढलंही नव्हतं. मालूताईने ते स्वतःच्या हाताने सगळ्यात वर ठेवलं.

त्याच काकूंनी विमानतळावर घोळ घातला. निघताना जावेने ओटी भरली आणि ओटीचा नारळ मागे कसा ठेवायचा म्हणून काकूंनी तो गुपचूप हातातल्या बॅगेत सरकवला. तपासणीत तो निघाला. जवान म्हणाला, नारळ आत जाणार नाही, त्या पेटीत टाका. ओटीचा नारळ कचऱ्याच्या पेटीत! काकू तिथेच रडायला लागल्या, मागे रांग खोळंबली, आणि त्यांनी फोन लावला तो मुलाला नाही, मालूताईला. मी तेव्हा मालूताईच्याच घरी बसले होते. मालूताईने एकदा कपाळाला हात लावला, पण आवाज एकदम मऊ केला. "रडू नको गो. त्या जवानाक दी. हात जोडून सांग, देवीचो परसाद आसा, तुझ्या पोरांक ने. दिल्यान ओटी कमी होणा नाय." जवानाने तो नारळ बाजूच्या टेबलावर ठेवला आणि नमस्कार केला, असं काकू अजून सांगतात. तेव्हापासून मालूताईची शेवटची सूचना ठरून गेली. ओटीतले पाच तांदूळ पदराच्या गाठीत बांधायचे, नारळ घरच्या देवापुढे ठेवायचा.

आता ज्यासाठी मी लिहायला बसले ते.

एका दुपारी मी तिचा बॅग अडकवून तोलायचा आकडीचा वजनकाटा मागायला समोर गेले. भाऊ सुधाकर आणि त्याची बायको नीला बाहेर गेले होते. मालूताई हॉलमधल्या दिवाणासमोर खाली बसली आणि दिवाणाखालून एक निळी रेक्झिनची बॅग ओढून काढली. चेन उघडली तर आत घडी घातलेल्या साड्या, पोलकी, गोळ्या, कागदपत्रांची पिशवी, आईचा फोटो आणि कोपऱ्यात तो काटा.

"कुठे निघालीस गं?" मी विचारलं.

"खय नाय. हीच माझी जागा."

मला कळलंच नाही आधी. मग मी त्या घरात नजर फिरवली. दोन बेडरूम, चार कपाटं. त्यातलं एक तर तिच्या भाच्याचं, सुधाकरच्या केतनचं; तो परदेशात जाऊन पाच वर्षं झाली होती आणि त्याच्या क्रिकेटच्या पॅडना त्यात कुलपाखाली जागा होती. आणि चौतीस वर्षं नोकरी करून ह्या घराला हातभार लावणाऱ्या बाईचा संसार दिवाणाखाली, बॅगेत.

"कधीपासून?"

"केतन झाला तेव्हापासून. बाळाचं सामान वाढलं ना. नीला म्हणाली, वन्सं, थोडे दिवस." तिने काटा माझ्या हातात दिला. केतन तेव्हा एकतीस वर्षांचा होता.

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती मला गप्प करत राहिली. "ओरडू नको गो, भिंती पातळ आहेत. आणि बॅग भरायला मी खय शिकले असं तुला वाटलं? पार्सलं तर नुसती शिवायची असतात." हे ती हसत म्हणाली. मला हसू आलं नाही. ती खाली बसून चेन लावत होती आणि मला एकदम तिने भरलेल्या सगळ्या बॅगा आठवल्या. आम्हाला वाटायचं, काय हुशारी आहे बाईची, कमी जागेत किती मावतं! आम्हा कुणाला एकदा विचारावंसं वाटलं नाही, की तुझं कुठे मावतं?

नीला वाईट नाही, हे मला सांगायलाच हवं. ती मालूताईला 'वन्सं' म्हणायची, जेवायला आधी वाढायची, आजारपणात पाय चेपायची. सुधाकर तर देवमाणूस, म्हणजे कशातच न पडणारा. वाईट माणसांशी भांडता तरी येतं. ह्या चांगल्या माणसांचं काय करायचं?

मग केतनच्या बायकोला, रियाला, दिवस गेले. ते दोघं टोरांटोला. नीलाचे गुडघे गेलेले, रियाची आई नोकरीत. ठरलं की आत्याला पाठवायचं, सहा महिने. म्हणजे फुकटची दाई, मी मनात म्हणाले. तोंडाने म्हणणार होते, तर मालूताईच पासपोर्ट घेऊन माझ्याकडे आली. एकोणसत्तराव्या वर्षी पहिला पासपोर्ट. फोटोत घाबरलेली दिसत होती आणि प्रत्यक्षात नुसती खुलली होती.

"शुभा, ही बॅग आयुष्यात पयल्यांदा दाराबाहेर जातली," ती म्हणाली.

ती निळीच बॅग न्यायची होती. पंधरा दिवस आधीच भरली. दोन साड्या, लोकरी मोजे, गोळ्या, चूर्ण, पेन, पत्ता, आईचा फोटो. साडेपाच किलो. तिने ती माझ्यासमोर फ्रीजवर चढवली आणि उतरवली. आणि मग दिवाणाखाली न सरकवता दिवाणाच्या शेजारी, उभी, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. नीलाला म्हणाली, "दोन मोठ्या बॅगा तुमच्या. काय भरायचं ते भरा. ही मात्र कोणी उघडू नका." त्या घरात तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं मी ऐकलं ते एवढंच.

पुढचं आधी सांगून टाकते. सहा महिन्यांनी ती परत आली, ती बोरीवलीला आलीच नाही. पार्सलच्या खिडकीवरची तिची जुनी मैत्रीण कुंदा मुलुंडला एकटी राहायची, तिच्याकडे गेली. सुधाकरला म्हणाली, "थोडे दिवस." मला फोनवर म्हणाली, "अगो, हयसर माका कपाट आसा. अर्धा रिकामाच. काय ठेवू त्यात तां समजणा नाय." मी म्हटलं, येतेच बघायला. दोन वर्षं मी येतेच, येतेच म्हणत राहिले. बोरीवलीहून मुलुंड म्हणजे काय टोरांटो आहे? गेले नाही. आणि आता ग्रुपवरच्या लोकांवर तोंड सोडतेय.

म्हणून मला ती शेवटची दिसली ती विमानतळावर.

दुपारचं विमान होतं. सुधाकर गाडी चालवत होता, नीला आणि मी निरोप द्यायला. अंधेरीला वरच्या रस्त्यावर गाड्या थांबू देत नाहीत, शिट्टीवाला सारखा मागे लागतो. सुधाकर आत बसूनच राहिला. आम्ही मोठ्या बॅगा ट्रॉलीवर चढवल्या. मालूताईने डिकीतून निळी बॅग उचलली आणि तशीच थांबली. हातात धरून, एक क्षण.

"नऊच्या वर आहे," ती म्हणाली. "ही माझी बॅग नाय."

नीला गडबडली. "वन्सं, तुम्ही सकाळी अंघोळीला गेलात ना, तेव्हा जरा... वर जागा होती म्हणून. तुमचं सगळं आहे, मोठ्या बॅगेत आहे. तिथे पोचल्यावर मिळेलच की."

"माझ्या गोळ्या?"

"मोठ्या बॅगेत. नीट ठेवल्यात हो."

मध्ये आखातात पाच तास थांबून विमान बदलायचं होतं. तिने ट्रॉलीवर बॅग ठेवली, चेन उघडली, आणि एकेक वस्तू काढून गाडीच्या बॉनेटवर मांडायला लागली. कुळथाचं पीठ. मालवणी मसाला, एकात एक तीन पिशव्या. केतनला आवडतं म्हणून कोकमाच्या आगळाची बाटली. "ही तर तपासणीतच काढून घेतील," ती म्हणाली, शिकवल्यासारखं, आणि तीही बॉनेटवर ठेवली. चांदीची वाटी. बाळाची कुंची. शिट्टीवाला ओरडत होता. सुधाकर काचेतून बघत होता आणि नेहमीप्रमाणे कशातच पडत नव्हता.

"अहो, रिया काय म्हणेल? एवढी वाट बघतेय ती," नीला रडकुंडीला आली.

"मी जातंय मां?" मालूताई वळली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी जातंय तां कमी आसा?"

मालूताईने मोठ्या बॅगेचं कुलूप उघडून घेतलं, आपल्या गोळ्या काढल्या, साड्या काढल्या, मोजे, चूर्ण, आईचा फोटो. फोटो एका डब्याखाली दबून त्याची काच तडकली होती. तो तिने पदराने पुसला आणि निळ्या बॅगेत ठेवायला गेली, तर बसेना. तळाशी अजून काहीतरी होतं.

तिने हात घालून स्टीलचा गोल डबा काढला. डिंकाचे लाडू, दीड किलो.

तो माझा होता. माझी मुलगी मिता तिकडेच, टोरांटोपासून तासाभरावर राहते. मालूताईला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, म्हणून मी आदल्या दिवशी तो नीलाच्या हातात दिला होता आणि सांगितलं होतं, बघ कुठे मावतोय का. ही मी. दिवाणाखालची बॅग बघून जिने आकाशपाताळ एक केलं होतं, ती.

मालूताईने झाकणावरचं नाव वाचलं. मिताच्या लग्नात वाटलेला डबा, नाव कोरलेलंच होतं. मला वाटलं आता फाडून खाईल. तिने डबा फक्त माझ्या हातात दिला.

"मिताक भेटान येयन," ती म्हणाली. "रिकाम्या हातान येयन, सांग तिका."

मग तिने बॅगेची चेन लावली आणि ती खांद्याला अडकवली. मोठ्या बॅगा ट्रॉलीवर ढकलत दारापाशी गेली, जवानाला पासपोर्ट आणि तिकीट दाखवलं. त्याने काहीतरी विचारलं, ती काहीतरी बोलली, तो हसला. पायाच्या घोट्याच्या वर खोचलेली साडी, त्याखाली नवे पांढरे बूट. काचेच्या आत गर्दीत ती बुटकी असल्यामुळे लगेच दिसेनाशी झाली. वळून बघितलं नाही.

आम्ही परत गाडीत बसलो. नीलाच्या मांडीवर पीठ, मसाला, वाटी, कुंची आणि आगळाची बाटली, माझ्या मांडीवर लाडवांचा डबा. आणि खरं सांगते, जोगेश्वरी जाईपर्यंत आम्ही दोघी तिच्यावरच चिडलेल्या होतो.